मोटारींचा उपास

चर्चची विहीर खारट झाली, तर गावात फायदा एकाच माणसाचा होता, आणि तो माणूस म्हणजे क्लेमंट फोस सर. फायदा रोख नव्हता. म्हणून त्यांची बायको जसिंता त्याला फायदा मानायलाच तयार नव्हती. सरांच्या मनातला हिशेब मात्र वेगळा होता. त्यांचं नाव पुण्याच्या व्यासपीठावर पुकारलं जाणार होतं. त्यांचे चार विज्ञानकथासंग्रह, जे आजवर सगळ्यात चिकाटीने वाळवीनेच वाचले होते, ते पुन्हा छापले जाणार होते. आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी दोन बाजूंची तोंडं एकदमच बंद होणार होती.

त्या दोन बाजू सांगायला हव्यात. सर वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या करंजभाटचे. तिथल्याच शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, बायबलचं पहिलं वाचन करायचं ते कधी चुकवलं नाही. मंगळावरच्या वसाहतीत एक माणूस गुडघे टेकून प्रार्थना करतो असं त्यांनी लिहिलं, की पुण्या-मुंबईचे विज्ञानकथावाले म्हणत, "कल्पना झकास. तेवढी प्रार्थना काढा, विज्ञानाला बाधते." तीच कथा धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, मासिकाला पाठवली, की संपादकांचं पत्र येई: "सर, मंगळ ठीक आहे, पण यात प्रभू कुठे दिसत नाही." एकाला प्रार्थना जास्त, दुसऱ्याला प्रभू कमी. सरांना वाटे, दोन्ही कामं एकाच कुळीची. श्रद्धा काय आणि विज्ञानकथा काय, अजून न दिसलेल्या गोष्टीवर भिस्त ठेवून आज नीट वागा, एवढंच दोघी सांगतात. पण या मालाला गिऱ्हाईक नव्हतं.

आता गिऱ्हाईक आलं होतं, आणि ते एक यंत्र होतं.

यंत्राचं नाव 'पडताळा'. पुण्याच्या एका संस्थेने ते उभं केलं होतं. त्याच्या पोटात मराठीतल्या झाडून साऱ्या विज्ञानकथा घातलेल्या. कथेतली विधानं तो सुटी करी, त्यातली मोजता येण्याजोगी निवडी, आणि उपग्रह, हवामानकेंद्रं, नद्या-विहिरींत बसवलेले संवेदक यांच्या नोंदींशी रोज ताडून बघे. जग त्या कथेच्या किती जवळ आलंय, त्याचा शेकडा आकडा सकाळी सहाला जाहीर होई. हे भविष्य सांगणं नव्हे. लेखकाने कधीकाळी मारलेल्या बाणाकडे जग आपल्या पायांनी चालत येतंय का, एवढंच तो पाही. लेखकाने दिलेल्या मुदतीत जी कथा खरी ठरेल, तिला 'द्रष्टा' सन्मान. चार वर्षांत तो एकालाही मिळाला नव्हता.

सरांची कथा होती 'खारी विहीर', पंधरा वर्षांपूर्वीची. गाव करंजभाटसारखंच. लोक जमिनीखालचं गोडं पाणी उपसत राहतात, समुद्र खालून आत शिरतो, आणि ईस्टरच्या सकाळी चर्चच्या विहिरीच्या पाण्याने बाप्तिस्मा चालू असताना सगळं उघडकीला येतं. शेवटचं वाक्य असं: 'बाळाने ओठांवर ओघळलेला थेंब चाटला आणि तोंड वाकडं केलं.' मुदत पंधरा वर्षांची, म्हणजे हाच ईस्टर.

पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे अडीचशे मिलिग्रॅमपर्यंत खपतं. त्यापुढे जीभ तक्रार करू लागते. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ कपाळाला राख लावून सुरू होतो त्या दिवशी, चर्चच्या विहिरीतल्या संवेदकाचा आकडा होता दोनशे बारा. पडताळा म्हणत होता, अठ्ठ्याऐंशी टक्के.

"अभिनंदनाची घाई करत नाही, सर," संस्थेच्या केतकी दामले पडद्यावरून म्हणाल्या, "पण भाषण लिहायला घ्याच. नियम माहीत आहे ना? कथा खरी करायला लेखकाने स्वतः हात लावायचा नाही."

"म्हणजे विहिरीत मीठ टाकायचं नाही."

"अगदी तेच," त्या हसल्या.

कथा खोटी पाडायला लेखकाने हात लावू नये, असा नियम मात्र नव्हता. इतका खुळा लेखक असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सर फोन ठेवून स्वयंपाकघरात आले. जसिंताने वर पाहिलं. "कपाळावर राख आणि चेहऱ्यावर दिवाळी! लोकांनी नक्की काय समजायचं?"

"अठ्ठ्याऐंशी टक्के, जसिंता."

"बरं झालं. पाणी खारं झाल्यावर मी चहा कशाचा करायचा, तेही भाषणात घाला."

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी धर्मगुरू फादर जोएल यांनी मिस्सेनंतर सरांना ती कथा वाचायला सांगितली. फादर चौतिशीतले, सरांचेच विद्यार्थी. नववीत विज्ञानात पस्तीस गुण, त्यातले चार दयेचे. लोकांनी पाण्याचा विचार करावा, एवढाच त्यांचा हेतू. सर सवयीने वाचनपीठाशी जाऊन उभे राहिले. तिथूनच ते दर रविवारी शास्त्रपाठ वाचत. आवाजही आपोआप तोच लागला. शेवटचं वाक्य संपलं, सरांनी कागद मिटला, आणि अख्ख्या चर्चने एका सुरात म्हटलं, "देवाला धन्यवाद."

कुणी मुद्दाम केलं नव्हतं. त्या जागी उभं राहून, त्या आवाजात सरांनी काही वाचलं आणि थांबले, की हे दोन शब्द म्हणायचे, ही गावाची वर्षानुवर्षांची सवय. पण म्हटलं ते म्हटलं. बाहेर पडेपर्यंत कथेचं शास्त्रवचन झालं होतं.

"लेका क्लेमंट," इनास रुमाव दारातच पाठीवर थाप मारून म्हणाला. तो सरांचा बालमित्र आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या केळीच्या वाडीचा मालक. "तू लिहिलंस, यंत्राने अठ्ठ्याऐंशी दिले, आणि आता देवळातही मंजूर झालं. म्हणजे होणार ते होणारच."

"अरे, कथा आहे ती."

"कथाच ना! मग गोडं आहे तोवर भरून घेऊ दे आम्हाला."

आणि गावाने भरून घेतलं. ज्याच्याकडे एक टाकी होती त्याने दुसरी आणली. सकाळी बंद होणाऱ्या मोटारी संध्याकाळपर्यंत घुमू लागल्या. खारं पाणी येणार म्हणून गोडं उपसायचं, आणि उपसलं म्हणून खारं वर यायचं. सरांच्या कथेतली माणसंसुद्धा इतकी आज्ञाधारक नव्हती. त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी विहिरीचा आकडा दोनशे छत्तीस झाला. पडताळा: शहाण्णव टक्के.

सरांनी लॅपटॉप मिटला. जसिंताने बशीत चहा ओतून पुढे सरकवला आणि पाठ फिरवली.

त्याच संध्याकाळी सर पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे आपलाच विद्यार्थी, ही गोष्ट त्यांना नेहमी थोडी अडचणीची वाटे. रागावलो, खोटं बोललो, अशी किरकोळ पापं आधी झाली. मग सर थांबले.

"आणखी?" फादरांनी विचारलं.

"विहीर खारी व्हावी असं मला वाटतं."

जाळीपलीकडे फादर पुढे सरकून बसले.

"रोज पहाटे उठून आकडा बघतो, फादर. वाढला की बरं वाटतं. लोक मोटारी चालवतात ते कळतंय. त्याने काय होतं तेही या गावात मलाच सगळ्यात नीट कळतं. पण मी तोंड उघडत नाही. पन्नास वर्षं कुणी ऐकलं नाही, आता मी खरा ठरतोय. फक्त चार आठवडे गप्प बसायचंय."

"ईस्टरला बाप्तिस्मा कुणाचा आहे, ठाऊक आहे?"

"कुजूर नर्सबाईंच्या मुलीचा." झारखंडहून आलेलं जोडपं, गावात भाड्याने राहत होतं.

"त्यांची मोटार नाही, वाडी नाही, टाकीसुद्धा नाही. मीठ मात्र त्यांच्या वाट्याला सगळ्यांच्या आधी." फादर खाकरले. "सर, तुम्ही आम्हाला वर्गात एकदा सांगितलं होतं, की मी भीतीच्या कथा लिहितो त्या खऱ्या ठराव्यात म्हणून नाही. मला विज्ञान कळलं नाही, तेवढं कळलं होतं. ज्योतिषाला खरं ठरायचं असतं. संदेष्ट्याचा आनंद खोटं ठरण्यात असतो."

सरांसाठी आपलं वाक्य आपल्यालाच, तेही पस्तीस गुणवाल्याकडून परत मिळणं, हे अपमानाच्या अगदी शेजारचं सुख होतं.

"प्रायश्चित्त काय?" त्यांनी हळूच विचारलं. "रोझरीची माळ?"

"रोझरी तुम्ही तशीही म्हणताच. कथेचा दुसरा शेवट लिहा. उद्या वाचा."

"उद्या? एका दिवसात कथेचा शेवट होत नाही, फादर."

"तुम्ही आमच्याकडून पंचेचाळीस मिनिटांत आठ प्रश्न लिहून घेत होता, सर."

दुसऱ्या दिवशी सर वाचनपीठाकडे गेलेच नाहीत; न जाणो, पुन्हा कुणी धन्यवाद म्हणायचं. मिस्सेनंतर लोकांना त्यांनी चर्चच्या पडवीत बसवलं, टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि त्यात बर्फाचा खडा टाकला. न जाणो, पुन्हा कुणी धन्यवाद म्हणायचं.

"बर्फ थोडा वर दिसतो, पुष्कळसा खाली बुडालेला असतो," सर म्हणाले. "आपल्या जमिनीखाली गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर असंच तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडं पाणी असेल, तर त्याच्या भाराने खाली चाळीस हातांपर्यंत खारं दबून राहतं. वरचा एक हात तुम्ही उपसला, की खारं चाळीस हात वर सरकायला मोकळं. आणि खोल बोअरवेल म्हणजे थेट त्याच्या टाळूवर लावलेली नळी. मोटार सुरू झाली, की त्या नळीखाली खाऱ्या पाण्याचा सुळका चढतो. मोटार थांबली, की सुळका खचतो. सावकाश, पण खचतो."

"एकाला चाळीस?" मागून एक बाई म्हणाली. "हा तर सावकार झाला!"

"सावकारापेक्षा वाईट. त्याचे पाय तरी धरता येतात."

मग त्यांनी नवा शेवट वाचला. दोनच पानं होती. कथेतलं गाव प्रायश्चित्तकाळात मटण सोडतं, दारू सोडतं, आणि त्या वर्षी मोटारीही सोडतं. खोल बोअरवेल एकदम बंद. पाणी घ्यायचं ते उघड्या विहिरींतून, वरच्यावर, साय काढावी तसं. आणि बावखलांतून, म्हणजे वाडवडिलांनी शिंपण्यासाठी खणलेल्या त्या उथळ तळ्यांतून, पाळीपाळीने. ईस्टरला काय होतं ते सरांनी लिहिलंच नव्हतं.

"शेवट कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"तो तुमच्याकडे आहे."

इनास ताडकन उठला. "मटण सोडलं, संध्याकाळची सोडली, आता मोटारही सोडू? केळ काय रोझरीवर वाढते? आणि बावखल म्हणतोस, ती उरलीयत किती? पाच! बाकीची बुजवली कुणी? तुझ्या घराचा ओटा कशावर उभा आहे रे, क्लेमंट? सांग की सगळ्यांना!"

सगळ्यांना माहीतच होतं. सरांच्या वडिलांनी दारातलं बावखल बुजवून त्यावर ओटा बांधला होता.

"बावखलावर," सर म्हणाले.

"मग! मी माझी मोटार बंद करणार नाही. कुणाला काय लिहायचं ते लिहा." इनास छत्री आपटत निघून गेला.

सोमवारी सकाळी सरांच्या दारात दोन गड्यांची पहार वाजू लागली; ओट्याखालचं बावखल पुन्हा उघडायचं होतं. जसिंता पदर खोचून बाहेर आली, फुटलेल्या ओट्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मला विचारलं असतंत तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"नसते म्हणाले. पण विचारायला हवं होतं." त्या ओट्यावर ती चाळीस वर्षं संध्याकाळी भाजी निवडत, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत बसत आली होती. आत जाऊन तिने खणणाऱ्या दोघांसाठी चहा टाकला, आणि सरांना त्या दिवशी दिला नाही.

उपास सुरू झाला. एकजात सगळ्यांनी पाळला असं नाही. काहींनी पाळला, काहींनी शेजाऱ्याच्या नजरेपुरता पाळला. पण मोटारींचा घुमारा ओसरला. बावखलांवर बादल्या घेऊन रांगा लागल्या. रांगेत भांडणं झाली आणि दोन जुनी भांडणं मिटलीही. आकडा मात्र ऐकेना. दोनशे एकेचाळीस. दोनशे चव्वेचाळीस. पडताळा सत्त्याण्णववर गेला. सुळका सावकाश खचतो हे सर सांगून बसले होते, पण सांगणं वेगळं आणि पहाटे तो आकडा एकट्याने बघणं वेगळं. आता मात्र वाढला, की त्यांना बरं वाटत नसे. तेवढाच फरक, पण तो त्यांनी आपल्यापाशी नोंदवून ठेवला.

प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या आठवड्यात आकडा दोनशे चव्वेचाळीसवर थांबला. पाचव्यात एकाने उतरला.

केतकीबाईंचा फोन आला. "सर, ब्याण्णव झालंय. तिकडे काय चाललंय?"

"उपास."

"तुमचा?"

"मोटारींचा. मीच सुचवला."

"सर, तुम्हाला कळतंय ना? चार वर्षांत पहिला सन्मान होता. तुमच्या चारही पुस्तकांची जुळणी सुरू केली होती मी. मी मागे लागून."

"कळतंय, बाई. तुमच्या श्रमांबद्दल खरंच वाईट वाटतं."

"आणि स्वतःबद्दल?"

"वाटतं की! खोटं कशाला बोलू? प्रायश्चित्तकाळ आहे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सर गावच्या बोअरवेलच्या मीटरांचे आकडे चाळत बसले. जलसमितीचे मानद मोजणीदार म्हणून ते त्यांच्याकडे येत. कुणी किती चोरून उपसलं ते बघावं, असा थोडा खोडसाळ हेतू होता. पहिलंच नाव त्यांनी इनासचं काढलं.

शून्य.

मीटर बिघडला असेल म्हणून त्यांनी मागचे दिवस पाहिले. पडवीतल्या त्या रविवारी, छत्री आपटून निघून गेल्यावर अर्ध्या तासाने इनासची मोटार बंद झाली होती. तेव्हापासून एक थेंब नाही. आणि हा गडी रोज नाक्यावर उभा राहून "मी नाही पाळत कुणाचा उपास" म्हणून गाव डोक्यावर घेत होता!

सर सायकल काढून त्याच्या वाडीवर गेले. बावखलाची पाळी चार दिवसांतून एकदा. तेवढ्यात निम्मीच वाडी भिजत होती. उरलेल्या निम्म्या वाडीत केळीची पानं फाटून, पिवळी पडून खांबाला लटकली होती. दीडशे तरी खांब असतील. इनास बांधावर बसून बिडी ओढत होता.

"मोटार बिघडलीय," त्याने आधीच सांगून टाकलं.

"बरं."

"दुरुस्तीला माणूस मिळत नाही."

"ईस्टरनंतर मिळेल," सर म्हणाले, आणि त्याच्या शेजारी बसले.

ईस्टरच्या सकाळी चर्चच्या विहिरीचा आकडा होता दोनशे अडतीस. मिस्सेनंतर फादर जोएल यांनी विहिरीचं पाणी शिंपल्यातून कुजूरांच्या मुलीच्या कपाळावर ओतलं. नेहमी बाप्तिस्म्याला घरचीच माणसं पुढे असतात. त्या दिवशी अख्खं गाव मान उंचावून उभं होतं. एक थेंब नाकावरून ओघळून ओठांवर आला. मुलीने तो चाटला.

तिने पुन्हा जीभ बाहेर काढली, आणखी आहे का ते पाहायला.

सरांच्या खिशात फोन थरथरला. पडताळ्याने 'खारी विहीर' या कथेपुढे शेवटचा शेरा टाकला होता: मुदत संपली, कथा असत्य.

गावात दोन आठवडे चर्चा झाली. निम्मे म्हणाले, काही होणारच नव्हतं, सरांनी उगाच घाबरवलं. धर्मग्रामाच्या मासिकाने दुसरा शेवट छापला आणि पहिल्यांदाच प्रभू कुठे आहे ते विचारलं नाही. पुण्याच्या विज्ञानकथावाल्यांनी कळवलं, की भाकीत चुकलं हे दुर्दैव. आणि शेवटात उपास नसता तर बरं झालं असतं.

इनास एका संध्याकाळी आला. ओटा नव्हता, म्हणून नव्या खड्ड्याच्या काठावरच बसला. खड्ड्यात कमरेइतकं पाणी जमलं होतं.

"क्लेमंट, तुझ्या लिखाणाचा गुण आता कळला मला. तू जे लिहितोस ते होत नाही. असं कर, आमच्या वाडीवरून सहापदरी रस्ता गेला, अशी एक फक्कड कथा लिही."

"म्हणजे जाणार नाही?"

"अरे, तूच तर सिद्ध केलंस!"

जसिंता मोठ्याने हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. तिने भाजीची परात आणून खड्ड्याच्या काठावर ठेवली, पाय खाली सोडले, आणि रस्त्याने जाणाऱ्या कुजूर नर्सबाईंना हाक मारली, "अगं, ये की! बाळाला आण इकडे."

तेव्हा हिशेबाचा एकंदर झाडा असा. क्लेमंट सरांचा एक सन्मान गेला आणि चार पुस्तकं वाळवीकडेच राहिली. इनासचे दीडशे केळीचे खांब गेले, तेही मोटार बिघडल्याच्या नावाखाली, म्हणजे शाबासकीसुद्धा गेली. जसिंताचा ओटा गेला, आणि तिला तर कुणी विचारलंही नव्हतं. जिच्यासाठी ही सगळी किंमत भरली गेली, त्या कुजूरांच्या मुलीने काहीच दिलं नाही. ती आईच्या खांद्यावर होती, ओठ चाटत पेंगत होती, आणि तिला जागं ठेवण्याइतकं त्या गावात काही घडलेलं नव्हतं.